उत्तर संपले हे कसे कळावे? : असमकालिक सर्व्हर आणि प्रवाही उत्तरांचा आढावा

वेबवरील देवघेवीचा मूळ शिरस्ता असा होता की, ब्राउझरने मागणी रुजू करावी, सर्व्हरने तिच्यावरून संपूर्ण उत्तर सिद्ध करावे, त्याची बाइटमधील लांबी हेडरमध्ये नमूद करावी आणि मग ते सबंध उत्तर एकदम रवाना करावे. उत्तर लहान असे व बहुधा डिस्कवर आधीच तयार असे, तोवर या शिरस्त्याविरुद्ध तक्रार करण्यास कोणास कारण नव्हते. परंतु लक्षावधी नोंदींचा अहवाल, चालू सामन्याचा धावफलक, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे भाषा-मॉडेल शब्दामागून शब्द रचत जाते ते उत्तर, यांची लांबी ती पुरी होईपर्यंत खुद्द सर्व्हरलाही ठाऊक नसते. आणि अशा उत्तराचा पहिला अंश हाती आला असता तो शेवटच्या अंशासाठी अडवून ठेवणे म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ व सर्व्हरची मेमरी या दोहोंचा निष्कारण व्यय करणे होय. उत्तर जसजसे तयार होईल तसतसे पाठवीत जाण्याच्या या पद्धतीस व्यवहारात स्ट्रीमिंग म्हणतात. तिच्याविषयी जे लिहिले जाते त्यात पहिला शब्द किती लवकर उमटला याची वाखाणणी फार असते. शेवटचा शब्द खरोखरच शेवटचा होता हे वाचणाऱ्यास कसे कळावे, याची चिकित्सा त्यामानाने थोडी आढळते. मला हा दुसरा प्रश्न पहिल्याहून गंभीर वाटतो, आणि प्रस्तुत आढावा मी मुख्यतः त्याच्याच अनुरोधाने घेणार आहे.

मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या दस्तऐवजाने एचटीटीपीच्या १.० आवृत्तीचे वर्णन केले, तेव्हा लांबी न सांगता उत्तर पाठविण्याची सोय तीत होती. लांबी दिली नसेल तर सर्व्हर जोडणी बंद करील तोच उत्तराचा शेवट समजावा, एवढीच ती तरतूद. तिच्या आधाराने १९९५ सालीच नेटस्केपने एका उत्तरात एकामागून एक भाग पाठवून पडद्यावरील जुन्या भागाच्या जागी नवा भाग आणण्याची युक्ती रूढ केली होती. तथापि जोडणी मिटली ती उत्तर पुरे झाले म्हणून की सर्व्हर मध्येच कोसळला म्हणून, याचा निवाडा करण्यास ब्राउझरजवळ कोणतेच साधन नव्हते. जानेवारी १९९७ मधील आरएफसी २०६८ ने, म्हणजे १.१ आवृत्तीच्या पहिल्या प्रकाशित विवरणाने, हा दोष दूर केला. उत्तर तुकड्यातुकड्यांनी पाठवावे, प्रत्येक तुकड्याच्या अग्रभागी त्याची लांबी षोडशमान अंकांत लिहावी, आणि सर्व तुकडे संपले म्हणजे शून्य लांबीचा एक तुकडा पाठवून समाप्तीची पोच द्यावी, अशी ही चंक-पद्धती होय. तुकडे करणे हा तिचा दिसणारा भाग. तिचे खरे मोल त्या अंती येणाऱ्या शून्यात आहे, कारण ते शून्य आले नाही तर उत्तर अपुरे आहे असे मानण्याचा अधिकार, किंबहुना कर्तव्य, वाचणाऱ्या प्रोग्रॅमला त्यामुळे प्राप्त झाले. संदेश नेमका कोठे संपतो याविषयी समोरचा प्रॉक्सी आणि मागचा सर्व्हर यांच्यात मतभेद झाल्यास त्याचा गैरफायदा घेऊन एका मागणीच्या पोटात दुसरी मागणी लपवून आत घुसवता येते, हेही २००५ सालापासून सुरक्षाशास्त्रात सुविदित आहे.

वाटेवरचा करार असा सुधारला, तरी तो पाळणाऱ्या सर्व्हरची रचना जुनीच होती. प्रत्येक जोडणीमागे एक प्रोसेस किंवा एक थ्रेड गुंतवावयाचा, अशी अपाचेसारख्या तत्कालीन सर्व्हरांची रीत होती. उत्तर निमिषात रवाना होत असेल तर ही रीत पुरेशी असते. परंतु एक उत्तर पाच मिनिटे वाहत राहावयाचे असेल आणि असे वाचक दहा हजार असतील, तर दहा हजार प्रोसेस बहुतांश वेळ केवळ वाट पाहत बसतात आणि यंत्राची मेमरी त्या वाट पाहण्यातच खर्ची पडते. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ साली सी-टेन-के या नावाने मांडला आणि त्या नावानेच तो प्रसिद्धीस आला. त्याचे तत्त्वतः उत्तर जुनेच होते : एकाच थ्रेडने कर्नलला विचारावे की, या असंख्य सॉकेटांपैकी आत्ता वाचण्यास किंवा लिहिण्यास मोकळे कोणते, आणि जे मोकळे असेल त्याचेच काम पुढे न्यावे. १९८३ च्या ४.२ बीएसडीमधील सिलेक्ट ही आज्ञा हेच करीत असे. परंतु ती दर खेपेस सर्व सॉकेटांची यादी आरंभापासून तपासी, म्हणून संख्या वाढताच ती मंदावे. २००० साली फ्रीबीएसडीमध्ये आलेले के-क्यू आणि २००२ साली लिनक्सच्या विकासशाखेत दाखल झालेले ई-पोल यांनी ही अडचण हटविली. इगोर सिसोएव यांचा एन्जिनएक्स २००४ साली लोकांपुढे आला आणि रायन डाल यांनी २००९ साली नोड सादर केला, ते या पायावरच.

पायथनमधील वाटचाल अधिक संथ झाली, पण तिच्यातून प्रश्नाचे स्वरूप अधिक स्वच्छ दिसते. २००३ सालच्या डब्ल्यूएसजीआय या करारात प्रवाही उत्तरास पूर्ण मुभा होती. प्रोग्रॅमने तुकड्यांची मालिका द्यावी आणि सर्व्हरने कोणताही तुकडा अडवून न ठेवता पुढे पाठवावा, अशी त्यात स्पष्ट ताकीदच होती. उणीव होती ती अशी की, शेवटचा तुकडा जाईपर्यंत एक संपूर्ण वर्कर त्या एका ग्राहकाच्या दिमतीस अडकून राही. मार्च २०१४ च्या ३.४ आवृत्तीत असिंक-आयओ हे ग्रंथालय, सप्टेंबर २०१५ च्या ३.५ मध्ये असिंक व अवेट हे वाक्प्रयोग, आणि डिसेंबर २०१६ च्या ३.६ मध्ये असमकालिक जनरेटर, अशा तीन पायऱ्यांनी भाषेत ही सिद्धता झाली. जँगो या पायथनमधील वेब-चौकटीसाठी अँड्र्यू गॉडविन यांनी हाती घेतलेल्या जँगो चॅनेल्स या उपक्रमातून एएसजीआय हा नवा करार निघाला. त्यात उत्तराचा आरंभ हा एक संदेश असतो, पुढचा प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र संदेश असतो, आणि ‘आणखी मजकूर आहे’ अशी खूण प्रत्येक तुकड्यासोबत खरी किंवा खोटी म्हणून पाठविता येते, आणि ती दिली नसेल तर खोटी समजली जाते. अर्थात शेवटचा तुकडा कोणता, हे त्या संदेशावरूनच ठरते. २०१८ साली आलेल्या स्टारलेट व फास्ट-एपीआय या चौकटींनी हा करार सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती दिला. खुद्द जँगोच्या प्रवाही उत्तरास असमकालिक जनरेटर चालू लागण्यास मात्र एप्रिल २०२३ ची ४.२ आवृत्ती यावी लागली.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. असमकालिक सर्व्हरचे सारे सामर्थ्य इव्हेंट लूप कोठेही अडून न राहण्यावर अवलंबून असते. त्यामुळे असिंक म्हणून घोषित केलेल्या जनरेटरमध्ये डेटाबेसला जुन्या, थांबून राहणाऱ्या पद्धतीने विचारणा केली तर त्या एका ग्राहकापायी सर्वांचेच प्रवाह थिजतात. स्टारलेट साधा जनरेटर दिला असता तो वेगळ्या थ्रेडवर चालवते, पण हे थ्रेड मुळात चाळीसच असतात आणि मोठ्या वर्दळीत ते पुरत नाहीत. गो या भाषेने आणि २०२३ च्या जावा २१ ने हलके थ्रेड पुरवून, थांबून राहणारी शैली कायम ठेवूनही हीच काटकसर साधली आहे, आणि प्रोग्रॅमरच्या मनःशांतीच्या दृष्टीने तो मार्ग अधिक सुगम आहे असे माझे मत आहे.

आता ज्या भागात बहुतेक प्रवाही सर्व्हर प्रत्यक्षात फसतात त्याकडे वळतो. देणाऱ्याचा वेग आणि घेणाऱ्याचा वेग हे क्वचितच सारखे असतात. डेटाबेस सेकंदाला शेकडो एमबी मजकूर ओतू शकतो, आणि तिकडे डोंगरातल्या एखाद्या गावी मोबाइलवर तो उतरवून घेणारा वाचक सेकंदाला काही केबीच घेऊ शकतो. मधला सर्व्हर हा फरक न पाहता येईल तेवढे घेत आणि आपल्या बफरमध्ये साठवीत राहिला, तर दोनशे एमबीचा अहवाल मागणारे असे एक हजार वाचक एकत्र येताच दोनशे जीबी मेमरीची मागणी उभी राहते आणि प्रवाही पद्धतीने मेमरी वाचविण्याचा मूळ हेतूच विफल होतो. कालव्याच्या शेवटच्या शेतात पाणी मुरेना म्हणजे पाटकरी वरचे दार उतरवितो, तेव्हाच मधला पाट फुटण्यापासून वाचतो. तसाच संकेत येथे खालून वरपर्यंत पोचला पाहिजे. या उलट दिशेने जाणाऱ्या संकेतास बॅकप्रेशर म्हणतात. टीसीपीच्या पातळीवर तो आपोआप पोचतो, कारण घेणाऱ्याची खिडकी भरली की कर्नल पाठविणे थांबवितो. प्रश्न आहे तो कर्नलच्या वर असलेल्या प्रोग्रॅमने तो ऐकण्याचा. नोडमध्ये लिहिण्याची आज्ञा बफर भरताच ‘खोटे’ असे उत्तर देते आणि पुन्हा जागा होताच ड्रेन ही घटना कळविते. परंतु त्या उत्तराकडे दुर्लक्ष करून लिहीत राहिले तरी नोड हरकत घेत नाही, मजकूर मेमरीत साठवीत राहतो, आणि ही चूक चाचणीच्या यंत्रावर, जेथे ग्राहक व सर्व्हर शेजारीशेजारी असतात, कधीच उघडकीस येत नाही. पायथनच्या एएसजीआयमध्ये पाठविण्याची आज्ञा हीच अवेट करावयाची असल्यामुळे, युव्हिकॉर्नसारखा सर्व्हर आपले ६४ केबीचे बफर भरले की त्या अवेटवरच जनरेटरला थांबवून धरतो. मघाचे एक हजार वाचक मग सर्व्हरच्या बफरांत सुमारे ६४ एमबीत भागतात. शिस्त प्रोग्रॅमरच्या स्मरणशक्तीवर न सोपविता आज्ञेच्या घडणीतच गोवावी, या तत्त्वाचे हे उत्तम उदाहरण होय.

वाचक मध्येच निघून गेला तर काय, हा त्याच मामल्याचा दुसरा पैलू. टॅब बंद झाला, पण डेटाबेसवरील विचारणा चालूच राहिली, किंवा भाषा-मॉडेल कोणीही न वाचणारे उत्तर रचीत राहिले, तर तो केवळ अपव्यय असतो. एएसजीआय जोडणी तुटल्याची वार्ता देतो आणि चालू काम रद्द होते तेव्हा असिंक-आयओ त्या कामाच्या आत रद्दतेचा अपवाद उठविते. २०१९ च्या पायथन ३.८ पासून तो अपवाद सर्वसामान्य अपवादांच्या वर्गातून मुद्दाम वगळला आहे, जेणेकरून सर्व चुका सरसकट पोटात घालणाऱ्या कोडमध्ये तो गडप होऊ नये. उघडलेले कर्सर व घेतलेल्या जोडण्या फायनली या विभागात परत करणे हे मात्र लेखकाचेच काम राहते.

मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट परदेशी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजीचे प्रत्येक अक्षर एका बाइटचे असते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. ‘श्री’ या एका अक्षरात चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट असतात. तुकड्याची सीमा बाइट मोजून पडते, अक्षर पाहून पडत नाही. तेव्हा घेणाऱ्याने प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे अक्षरांत रूपांतरित केला, तर सीमेवरचे अक्षर दुभंगून त्याच्या जागी प्रश्नचिन्हांकित चौकोन उमटतात, आणि इंग्रजी मजकुरावर तपासलेला प्रोग्रॅम हा दोष कधीच दाखवीत नाही. ब्राउझरमधील टेक्स्ट-डिकोडरला स्ट्रीमचा पर्याय देणे, किंवा पायथनमध्ये क्रमशः वाचणारा डिकोडर वापरणे, एवढाच त्यावर उपाय आहे. अपुरे बाइट तो पुढील तुकडा येईपर्यंत राखून ठेवतो. अनेक भाषा-मॉडेलांचे टोकनही बाइटांवरूनच पाडलेले असल्याने एका देवनागरी चिन्हाचे बाइट दोन टोकनांत विभागले जाऊ शकतात. तेथे ही राखण सर्व्हरनेच केली पाहिजे.

याहून खोल अडचण मध्येच उद्भवणाऱ्या चुकीची आहे. एचटीटीपीत उत्तराचा आरंभच निकालाच्या अंकाने होतो. २०० हा आकडा पाठविला म्हणजे ‘सर्व ठीक’ असे वचन दिल्यासारखे होते. एकदम पाठविण्याच्या पद्धतीत चूक झाली तर सर्व्हर २०० च्या ऐवजी ५०० पाठवू शकतो, कारण अद्याप काहीच रवाना झालेले नसते. प्रवाही पद्धतीत वचन आधी आणि काम नंतर असा क्रम असल्यामुळे, नव्वद हजाराव्या नोंदीवर डेटाबेस कोसळला तरी गेलेले २०० परत घेता येत नाही. अशा वेळी प्रामाणिक मार्ग एकच : शून्य तुकडा न पाठविता जोडणी तोडावी. मग कर्लसारखे साधन १८ क्रमांकाची चूक दाखवून मजकूर अर्धाच आल्याचे सांगते. परंतु कित्येक प्रोग्रॅम चूक पकडतात, नोंदवहीत तिची नोंद करतात, आणि जनरेटर सौजन्याने संपवितात. त्यामुळे सर्व्हर नियमाप्रमाणे शून्य तुकडा पाठवितो आणि अर्धा अहवाल पुऱ्या अहवालाच्या रूपात सही-शिक्क्यानिशी वाचणाऱ्याच्या हाती पडतो. सौजन्याने संपविलेली ही चूक मी कोसळलेल्या सर्व्हरपेक्षा अधिक घातक समजतो. कारण कोसळलेला सर्व्हर सर्वांस दिसतो, आणि ही चूक पुढील हिशेबात, पुढील निर्णयात, निमूटपणे मिसळून जाते.

आपल्या भाषेत तर तिचा धोका आणखी मोठा आहे, कारण मराठी वाक्याचा नकार बहुधा वाक्याच्या अंती येतो. ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यावयाची’ इतके शब्द येऊन प्रवाह खुंटला, तर राहिलेला ‘नाही’ वाचणाऱ्यास कधीच मिळत नाही आणि हाती आलेली आज्ञा मूळ आज्ञेच्या नेमकी विरुद्ध असते. इंग्रजीत नकार बहुधा मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, म्हणून तेथील तुटलेले वाक्य अर्धवट वाटते. आपले तुटलेले वाक्य पुष्कळदा धडधाकट दिसते. आरोग्य, कायदा किंवा शेतीविषयक सल्ला मराठीत प्रवाही रीतीने देणाऱ्या कोणत्याही सेवेने या एका कारणास्तव तरी समाप्तीची खूण वाचणाऱ्यास दृश्य केली पाहिजे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट-जीपीटी खुले झाले, आणि तेथपासून ही पद्धत सामान्य वाचकाच्या रोजच्या परिचयाची झाली. संपूर्ण उत्तर रचण्यास जेथे अर्धे मिनिट लागते, तेथे पहिला शब्द एका सेकंदात दिसणे हा मोठाच दिलासा असतो. वापरणाऱ्याचे लक्ष सुमारे दहा सेकंदांपलीकडे टिकत नाही, हे जेकब नील्सन यांनी १९९३ सालीच मांडले होते. यासाठी बहुधा वापरला जातो तो सर्व्हर-सेंट इव्हेंट्स हा संकेत, ज्याचा आराखडा इयन हिक्सन यांनी २००४ च्या सुमारास मांडला. रिकाम्या ओळीने विभागलेले साध्या मजकुराचे संदेश, एवढेच त्याचे रूप. दोन्ही दिशांनी सतत बोलावयाचे असेल तर डिसेंबर २०११ च्या आरएफसी ६४५५ मधील वेबसॉकेट योग्य, पण सर्व्हरनेच बोलावयाचे असता तो पत्करणे म्हणजे विनाकारण गुंतागुंत ओढवून घेणे होय. प्रत्येक संदेशास क्रमांक देता येतो हा सर्व्हर-सेंट इव्हेंट्सचा मोठा गुण. रत्नागिरीजवळचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा ओलांडणाऱ्या गाडीत वाचकाची जोडणी तुटली, तर बाहेर पडताच ब्राउझर स्वतःहून पुन्हा जोडणी करतो आणि शेवटी मिळालेला क्रमांक लास्ट-इव्हेंट-आयडी या हेडरमधून कळवितो; सर्व्हरने अलीकडचे संदेश राखले असतील तर प्रवाह तेथूनच पुढे सुरू होतो. मात्र ब्राउझरची ही अंगभूत सोय केवळ गेट प्रकारच्या मागणीस लागू असल्यामुळे संभाषणाच्या सेवा बहुधा फेच वापरतात आणि पुन्हा जोडण्याची ही मोलाची तरतूद गमावून बसतात. ओपन-एआयच्या चॅट कम्प्लीशन्स या सेवेच्या प्रवाहात अंती ‘डन’ असा स्वतंत्र संदेश येतो, तो त्या शून्य तुकड्याचाच अधिक उघड अवतार आहे. त्याच्याशिवाय संपलेला प्रवाह अपुरा मानावा.

मधल्या प्रॉक्सींविषयी थोडक्यात सांगता येईल. एन्जिनएक्स मागील सर्व्हरचे उत्तर मुळातच बफर करतो, म्हणून प्रोग्रॅम निर्दोष असूनही पडद्यावर सारा मजकूर एकदमच अवतरतो. एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग या हेडरमध्ये ‘नो’ लिहिणे हा त्यावर इलाज. मागून साठ सेकंद काहीच आले नाही तर तो जोडणी सोडून देतो, म्हणून सर्व्हर-सेंट इव्हेंट्सच्या प्रवाहात दर पंधरा सेकंदांनी अपूर्णविरामाने सुरू होणारी एक रिकामी टीप-ओळ पाठवावी. मजकूर आकुंचित करणारा थर प्रत्येक तुकड्यानंतर साठा पुढे ढकलत नसेल तर तोही प्रवाह अडवितो.

मे २०१५ च्या एचटीटीपी/२ ने चंक-पद्धती रद्दच केली आणि तिच्या जागी जे आणले ते मला सर्वार्थाने श्रेष्ठ वाटते. एकाच जोडणीतून अनेक प्रवाह जातात, त्यामुळे १.१ मध्ये ब्राउझर एका सर्व्हरशी सहाच जोडण्या ठेवी ही अडचण उरत नाही. प्रत्येक प्रवाहास आरंभी ६५,५३५ बाइटची स्वतःची खिडकी असते, म्हणजे बॅकप्रेशर कराराचाच भाग झाला. आणि रीतसर समाप्तीची खूण वेगळी, प्रवाह मोडल्याची खूण वेगळी. जी-आरपीसी तर अंतिम निकालच उत्तराच्या शेवटी ट्रेलरमध्ये पाठवितो, आणि वचन आधी व काम नंतर हा उलटा क्रम सुलटा करतो. दुर्दैव इतकेच की, ब्राउझरमधील फेच हे ट्रेलर पृष्ठाच्या प्रोग्रॅमला वाचू देत नाही, म्हणून वेबवरील पृष्ठांस ही सुधारणा सरळ लाभत नाही.

सर्वच उत्तरे प्रवाही करावीत, असे मात्र मी म्हणणार नाही. जे उत्तर लहान आहे आणि अर्ध्या सेकंदात सिद्ध होते, किंवा ज्याचा एखादा भाग सुटा वाचला असता दिशाभूल होते — बँकेतील व्यवहाराची पोच, परीक्षेचा निकाल, औषधाची मात्रा — ते पुरे करूनच पाठवावे. तेथे जुना शिरस्ताच श्रेयस्कर. आणि जेथे प्रवाह अवश्य आहे तेथे तो उभारणाऱ्यांस माझी आग्रहाची विनंती आहे की, सेवा लोकांस खुली करण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी : उत्तर निम्मे गेले असता मागील काम मुद्दाम बंद पाडावे आणि दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर काय दिसते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तेथे ते अर्धे उत्तर पुऱ्यासारखे दिसत असेल, तर ती सेवा अद्याप खुली करू नये.